डाव्या बाजूची पिन

जिल्ह्यात जाहीर भाषण करायला मला बंदी झाली, त्या वेळी माझ्याजवळ दोनच गुण होते. पत्रक लिहिता येत होतं आणि उपाशी राहता येत होतं. दोन्हींचा घरच्यांना काही उपयोग नव्हता. वडिलांनी मला देऊळगाव राजाला बहिणीकडे पाठवून दिलं. तिथले पोलीस निदान ओळखीचे आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, देऊळगाव राजा ते बुलढाणा सर्व्हिस मोटार चालवत. मोटार त्यांची स्वतःची. शेतीतला वाटा भावांच्या नावे करून देऊन त्यांनी ती घेतली होती, म्हणजे मोटार गेली तर परत जायला शेत नव्हतं. एका अमेरिकन कारखान्याची जुनी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तिच्यावर सुताराने बांधलेला सागवानी डबा, आणि लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मागे बसवलेली कोळशाच्या गॅसची टाकी, असा तो एकूण देह होता. त्यांचा क्लिनर फौजेत भरती होऊन गेला होता. मी पोचलो तेव्हा दाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पुढारी, मोटारीखाली शिरता येते का तुले?"

"येत नाही."

"शीक मंग. तिथं भाषनाले बंदी नाही."

शिकायला कारणही होतं. पुढच्या सोमवारी बुलढाण्याला मोटारीचं पासिंग होतं. साहेब मोटार तपासणार, पसंत पडली तर रूटचा परवाना पुढे चालू, नाही तर रद्द. त्या रूटवर एका पाच-सहा मोटारींच्या मालकाचा डोळा होता. त्याचा माणूस आठवड्यातून दोनदा आमच्या अड्ड्यावर येऊन पान खाऊन जात असे. पान खाताना तो मोटारीकडे बघत असे.

आणि मोटारीचा पुढचा डावा पाटा तुटला होता.

ज्यांनी मोटारीत फक्त बसण्याचं काम केलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीचं ओझं चाकांवर सरळ येत नाही. मध्ये पाटा असतो. पोलादाच्या लांब पट्ट्या एकीखाली एक ठेवून केलेली ही कमान. सगळ्यात वरची पट्टी सगळ्यात लांब. तिची दोन्ही टोकं गोल वळवून भोक केलेलं असतं, त्याला दाजी कान म्हणत. चासीला पुढे शिंगासारखं टोक असतं. त्या शिंगातून आणि पाट्याच्या कानातून एक जाड पिन जाते. पिन निघाली की पाटा खाली येतो. तुटलेली होती मधली एक पट्टी, आणि तिच्या जागी घालायला दाजींनी चिखलीहून जुनी पट्टी आणूनही ठेवली होती. काम सांगायला सोपं होतं. पाटा उतरवा, पट्टी बदला, पाटा चढवा.

मागच्या कानाची पिन निघाली. पुढची निघेना.

पाना लावला तर नटाचे कोपरे झिजले आणि पाना गोल फिरू लागला. पान्याच्या दांड्यावर नळी चढवून जोर केला, तेव्हा नट कसाबसा आला. पिन तशीच. मी हातोडा घेतला आणि पिनेच्या आट्यांवर सरळ घाव घातले. आटे चपटे झाले. आधी नट दोन आटे परत चढवून ठेवावा आणि मग घाव घालावा, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

"अबे, ते पोलीस चौकी नाही," दाजी म्हणाले. "हळू मार."

मग घासलेट. रेशनचं घासलेट, घरात दिव्याला पुरत नव्हतं. मी ते चिंधीने पिनेच्या तोंडाशी पिळत राहिलो. संध्याकाळी ताई दिवा लावायला गेली तर बाटली रिकामी. ती बाहेर येऊन ओट्यावर उभी राहिली.

"दोघायनं मिळून मोटारीले पाजलं का समदं? लेकरायले जेवताना ताटातलं दिसून नाही राह्यलं."

"उद्या निघते पिन," दाजी म्हणाले.

"काल बी उद्याच निघत होती."

दुसऱ्या दिवशी, ही पिन असते तरी कशी ते नीट पाहावं म्हणून आम्ही उजव्या बाजूची काढली. दोन टोले दिले आणि ती सरळ हातात आली. आत काळं ग्रीस, गंजाचा ठिपका नाही. एकाच मोटारीच्या दोन बाजू, एकाच वेळी बसवलेल्या, एकाच रस्त्यावर चाललेल्या. मी त्याच्यावर बराच वेळ विचार केला आणि मग दाजींना विचारलं, दर अमावस्येला मोटारीपुढे नारळ फोडता तो कुठे फोडता?

ते मोटारीसमोर उभे राहिले, हात वर नेला आणि खाली आणला. हात आला तो थेट त्या शिंगावर. मोटारीसमोर उभ्या माणसाचा उजवा हात म्हणजे मोटारीची डावी बाजू. दर अमावस्येला, दसऱ्याला, पाडव्याला, आणि एकदा चिखलीजवळ म्हैस आडवी येऊन वाचली म्हणून वेगळा, असे सगळे नारळ त्याच एका लोखंडावर फुटले होते आणि सगळं पाणी त्याच पिनेत मुरलं होतं. वरून हळदकुंकू.

मी म्हणालो, "दाजी, तुम्ही नारळ देवाला नाही वाहिले. गंजाला वाहिले."

"उजव्या बाजूले फोडले असते तर उजवी अटकली असती," ते म्हणाले. "नारळ तर फोडनंच हाय."

या विषयावर माझं एक आख्खं पत्रक तयार होतं. पण मोटारीखाली उताणं पडून, डोळ्यांत गंजाचा भुगा पडत असताना वाद घालता येत नाही.

आता उरला जाळ. कोळशाला तोटा नव्हता, मोटारच कोळशावर चालत होती. लोहाराचा भाता मागून आणला. पाट्याच्या कानाभोवती विटा रचून भट्टी केली आणि भाता मारायला मला बसवलं. मोटारीला जाळ लावून राहिले म्हटल्यावर गल्लीतली माणसं जमली. सगळी शेतकरी, सगळ्यांच्या घरी बैलगाडी. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ते आमच्याकडे पोराटोरांनीही पाहिलेलं असतं. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर ठोकून बसवायची, आणि बसली रे बसली की चारी बाजूंनी पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, चाक कचकचतं, काम फत्ते. त्या वेळी पाणी ओतायला कोणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक जण भरलेलं भांडं घेऊनच उभा असतो.

इथेही उभे होते. मी मान वळवून पाहिलं तर बादल्या, घागरी, एकाच्या हातात तांब्या.

कान लाल झाला. दाजींनी सुंबा, म्हणजे ठोकायची जाड कांब, पिनेवर धरला आणि घाव घातला. पिन हलली, पण किंचित.

"पानी," कोणी तरी म्हणालं.

"हाव, पानी," दाजी म्हणाले. "लाल झालं की पानी. एवढं तर मायच्या पोटातून शिकून येते मानूस."

सगळ्यांनी ओतलं. मीही ओतलं, भात्याजवळची बादली माझीच होती. वाफेचा लोट उठला. त्या आवाजात मला एक बारीक 'टिच्' ऐकू आलं, पण लोखंड निवताना बोलतंच. दाजींनी पुन्हा घाव घातला आणि पिन समोरून सुळकन निघून गटारात पडली. लोकांनी दाजींची पाठ थोपटली. एका म्हाताऱ्याने सांगितलं की मोटार काय अन् गाडी काय, लोखंड एकच. ताईने सगळ्यांना चहा केला. गूळ घातलेला, कारण साखर नव्हती.

सकाळी आम्ही चिखलीची पट्टी घालून पाटा परत बांधला. पिन मी कानशीने घासून साफ केली होती, तेल लावलं होतं. दाजींनी पाटा वर धरला, मी पिन शिंगातून कानात सारली आणि लाकडी हातोड्याने एक हलका टोला दिला. हलका होता, हे मी शपथेवर सांगतो. कान फुटला.

लोखंड फुटतं हे मला माहीत नव्हतं. वाकतं, झिजतं, तुटतं, हे माहीत होतं. हे मडक्यासारखं फुटलं. तुटलेली बाजू आतून राखाडी आणि रवाळ, फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखी. आम्ही तो तुकडा घेऊन लोहाराकडे गेलो. त्याने तो हातात फिरवला.

"लाल असताना पानी कोनं टाकलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणालो.

"मंग समद्यायलेच इचारा," तो म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. मग आम्ही निघालो तेव्हा त्याने एवढं सांगितलं की गाडीची धाव साधं लोखंड, आणि हे पोलाद. पोलादाला लाल असताना पाणी पाजलं की ते कडक होतं आणि मग ठोका सहन करत नाही. आता याला जोडही बसायचा नाही.

सोमवार चार दिवसांवर आला होता. लढाईच्या दिवसांत नवा पाटा मागवायचा म्हणजे आधी लढाई संपायला हवी होती. दाजी ओट्यावर बसून राहिले. त्यांनी विडी पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली.

"कानाले तार आवळून टाकू," ते शेवटी म्हणाले. "वरून ग्रीस थापू. साहेब काई झोपून पाहत नाही."

मी म्हणालो, पासिंगपुरतं नाही दिसणार, पण नंतर काय? पुढे रोज माणसं भरून न्यायची आहेत. भरल्या मोटारीचा पुढचा पाटा निसटला तर मोटार कुठे जाईल ते सांगता येतं का?

"तू पत्रक काढू नको. मले बी समजते."

"समजतं तर मग तार कशाला?"

"अन् सोमवारी काय त्या पाचमोटारवाल्याले चावी नेऊन देऊ? तू तर जाशीन तुया चळवळीत. मी कुठं जाऊ?"

ताई दारात गहू पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तारेवर चालनाऱ्या मोटारीत मी लेकरं घेऊन बसनार नाही," ती म्हणाली. "अन् ज्या मोटारीत मी बसनार नाही त्या मोटारीत लोकायच्या लेकरायले काऊन बसवता?" मग सूप उचलून ती पुन्हा पाखडू लागली, आणि पाखडता पाखडताच म्हणाली, "साखरखेर्ड्याच्या वाटेवर त्या जमीनदाराची मोटार सडून राह्यली न? तुमीच तर म्हने, एकाच कारखान्याची हाय."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

त्या जमीनदाराच्या विरुद्ध मी पत्रक लिहिलं होतं. दोन पानी, हिरव्या कागदावर, कारण दुसरा कागद मिळाला नाही. तो गावच्या माणसांना पेरणीत आणि सोंगणीत वेठीला धरतो, फुकट राबवतो, आणि कोणी नाही म्हटलं तर त्याच्या गुरांचं पाणी तोडतो, हे मी त्यात लिहिलं होतं. एकेक वाक्य खरं होतं. आजही खरं आहे. भाषणबंदीची नोटीस त्यानंतरच आली.

"तू येऊ नको," दाजी म्हणाले.

"येणार," मी म्हणालो. "एकट्याने निघायची नाही ती पिन."

पहाटे ओळखीच्याची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून निघालो, उन्हं चढल्यावर पोचलो. जमीनदार ओसरीत बाजेवर बसले होते, साठीच्या घरातले, अंगावर बंडी, हातात अडकित्ता. दाजींनी रामराम केला, अडचण सांगितली. माझी ओळख "हा माझा साळा" एवढीच करून दिली. जमीनदारांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं.

"हिरव्या कागदवाला न हा?"

मी म्हणालो, "हो. मीच."

"मंग उन्हात काऊन उभा हाय? वर ये." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पाटा पाहिजे तुमाले? घेऊन जा. ते मोटार काई आता उठत नाही, तिच्यात कोंबड्या बसतात. पैसे नको. पन काढाचा तुमी दोघायनं. माझा मानूस हात लावनार नाही."

"एक माणूस द्या," मी म्हणालो. "त्याची दिवसाची मजुरी मी देतो."

"माझ्या इथं मजुरी द्याची चालच नाही. तूच लिहिलं." ते माझ्याकडे बघतच होते. "अन् फुकट देतो म्हटलं तर उद्या तेबी छापशीन. मी काय करू, सांग."

ओसरीत बसलेली चार माणसं हसली. हसणं त्यांच्या कामाचाच भाग होता. माझ्याजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण पाटा त्यांचा होता आणि सोमवार आमचा.

"लिहिलं चांगलं तू," ते पुढे म्हणाले. "पन विहीर राह्यली. माझी नवी विहीर पुरी वेठीत खोदली. ते कोनी सांगितलं नाही वाटते तुले."

असा माणूस. लाज वाटत असती तर माझं काम सोपं झालं असतं. आम्हाला पत्रक लिहायला शिकवणारे सांगत, अन्याय उजेडात आणा म्हणजे अन्याय करणारा तोंड लपवतो. हा उजेडात बसून सुपारी कातरत होता आणि राहिलेलं भरून देत होता. पाटा दिला म्हणून वेठ माफ होत नाही, हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो. विहिरीवर मी नंतर वेगळं पत्रक काढलं.

मोटार गोठ्याला लागून असलेल्या कडब्याच्या खोपटात होती. उघडी टूरिंग, म्हणजे घरच्या चार माणसांपुरती हलकी मोटार, टप फाटलेलं, गादीवर अंडी. टायर सडून चाकं मातीत रुतलेली. चारी बाजूंनी कडबा रचलेला, म्हणजे जाळाचं नाव काढायचं नाही. राखणीला जमीनदारांनी एक गडी बसवला. आम्ही काडी ओढू नये आणि त्याने हात लावू नये, अशी दुहेरी राखण. गडी पन्नाशीचा, गुडघे छातीशी घेऊन भिंतीला टेकून बसला.

मी खाली शिरलो. नट नळी लावून काढला. पिन अर्थात हलेना. कोंबड्यांची घाण आणि गुरांचं मूत वर्षानुवर्षं पडून ती पिन आणि तो कान एकच झाले होते. या वेळी मी नट दोन आटे परत चढवला आणि मग घाव घातले. घाव हाताला परत येत होते. कोपरापर्यंत झिणझिण्या. दाजी खाली आले, त्यांनीही घातले. मग आम्ही दोघं मोटारीखाली शेजारी शेजारी उताणे पडून राहिलो, जशी माणसं पडतात काही सुचत नाही तेव्हा.

"बैलानं ओढ धरली असली," दाजी वर बघत म्हणाले, "तर शिवळ निघते का जुवाची?"

"कसली शिवळ?"

"शिवळ रे. बैलाच्या मानेजवळची खुंटी. बैल ओढून राह्यला तर घन मारला तरी निघत नाही. त्याले जरासाक मागं घेतलं, की बोटानं निघते." ते उठून बसायला गेले आणि डोकं आपटलं. "अबे, आपन वजन कुठं काढलं? पुरी मोटार पिनीवर बसून हाय."

मी बोट घालून पाहिलं. शिंगाच्या भोकाची वरची बाजू पिनेवर घट्ट दाबलेली होती. चाकं रुतलेली, शिंग खाली झुकलेलं. घरच्या मोटारीच्या वेळीही आम्ही जॅक आसाखाली, म्हणजे पाट्याच्याही खाली, लावला होता. म्हणजे तेव्हाही मोटार पिनेवर बसलेलीच होती, आणि आम्ही तिच्याशी नारळावरून, घासलेटावरून, जाळावरून भांडत होतो.

आणलेला जॅक आता चासीखाली लावला, फळी टाकून. थोडं वर, पिनेला पकड लावून फिरवून पाहायचं. पुन्हा थोडं वर. एका उंचीवर पकडीखाली काही तरी किरकिरलं.

"थांब," मी म्हणालो. "जॅक तिथेच राहू द्या."

तिथून पुढे घाई नव्हती. दमणीला टांगलेल्या नळकांड्यातलं वंगण काढलं, करडीचं तेल घालून पातळ केलं आणि पिनेला दोन्ही बाजूंनी पाजलं. पिन इकडे एक केस, तिकडे एक केस. आवळायच्या दिशेला थोडी, मग सोडायच्या दिशेला थोडी. जोर केला की चिकटे, सोडून दिलं की हले. तोंडाशी ओल्या कातासारखा गंज येऊ लागला. तो पुसायचा, तेल पाजायचं, फिरवायचं. पत्रकात मी नेहमी घाव, प्रहार, हल्ला असे शब्द वापरत आलो होतो. इथे त्यांचा काही उपयोग नव्हता.

दाजी पाणी प्यायला गेले तेव्हा मी गड्याशी बोललो.

"काका, तुमच्याबद्दल लिहिलं होतं मी."

"हाव. मालकानं वाचून दाखोलं समद्यायले."

"मग?"

"मंग काय. चांगलं लिहिलं म्हने मालक." त्याने पाय लांब केले. "किती येळ लागन तुमाले?"

"सांगता येत नाही."

"घाई नका करू. दुपारचा बसाले भेटत नाही कधी. आज बसून हाव." आणि थोड्या वेळाने, "दुसऱ्या बाजूचा बी काढनार का?"

मी नाही म्हणालो. त्याला वाईट वाटलं. मला त्याच्यासाठी पत्रकात न सुचलेली गोष्ट तिथे कळली, पण तिचं काय करायचं ते कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

उन्हं कलल्यावर पिन बाहेर आली. घाव नाही, आवाज नाही. दाजींनी फिरवता फिरवता ओढली आणि ती आली. मागची त्यानंतर लगेच निघाली. आसाला पाटा बांधणारे बोल्ट आमच्या कामाचे नव्हते, ते छिन्नीने तोडले. वरची लांब पट्टी बाहेर काढून मी दोन्ही कान बोटाने चाचपले. शाबूत होते. बाहेर आलो तेव्हा जमीनदार ओसरीतच होते. दाजींनी पट्टी दाखवून रामराम केला. मीही केला. त्यांनी मान हलवली आणि गड्याला गुरं सोडायला सांगितलं.

घरी ती पट्टी आमच्या बाकीच्या पट्ट्यांवर बांधून पाटा चढवायला फार वेळ लागला नाही. जॅक चासीखाली, वजन काढलेलं, ग्रीस भरलेलं, पिन अंगठ्याने आत गेली. दाजींनी ती पुन्हा बाहेर काढली आणि पुन्हा अंगठ्याने आत घातली. मग मला बोलावून माझ्या अंगठ्याने घालायला लावली. ताई येऊन बघून गेली. रात्री भाकरीबरोबर तुपाची वाटी आली.

सोमवारी बुलढाण्याला कचेरीसमोरच्या पटांगणात मोटारी रांगेने उभ्या होत्या. साहेब तरुण होता, नागपूरकडचा, स्वच्छ खाकी विजारीत. हा झोपून बघणार नाही, असं दाजी माझ्या कानात म्हणाले. साहेबाने जमिनीवर पोतं टाकायला लावलं आणि तो झोपला. छोट्या हातोडीने एकेक बोल्ट वाजवत पुढे आला. डाव्या बाजूला येऊन थांबला. दाजींनी टोपी काढून हातात घेतली.

"ही वरची पट्टी या मोटारीची नाही."

"त्याच कारखान्याची हाय साहेब."

"कारखाना तोच. पण ही टूरिंगची आहे. अंगाने पातळ." साहेब बाहेर आला, गुडघे झटकले. पुढच्या मडगार्डावर दोन माणसं उभी करून त्याने मोटार दाबून पाहिली, मग तीन. पाटा दबला आणि परत आला. तो वाकून कानाकडे पाहत राहिला. मी त्या कानाशिवाय पटांगणात दुसरं काही पाहत नव्हतो.

"काम बरं केलं आहे," तो म्हणाला. "पण पुढे ड्रायव्हरशेजारी दोन माणसं बसवता ना? आता एकच. दुसरा पाटा मिळेपर्यंत."

दाजी हो म्हणाले. ते दोनदा हो म्हणाले. परवाना घेऊन ते आले तेव्हा टोपी अजून हातातच होती. पाचमोटारवाल्याचा माणूस पटांगणाच्या कडेला उभा होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ मोटारीच्या पायरीवर चढले आणि चिखली, देऊळगाव, चिखली, देऊळगाव असं ओरडू लागले. थोड्या वेळात डबा भरला. मी आपल्या नेहमीच्या जागी, पुढे त्यांच्या शेजारी बसलो होतो. एक वकील आले, हातात छत्री, त्यांना पुढेच बसायचं होतं.

"दोघं बसू की," वकील म्हणाले. "आजवर बसत होतोच ना?"

"नाही बसता येत वकीलसाहेब. साहेबानं मना केलं." दाजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "पुढारी, उतर."

मी उतरलो. मागच्या बाकावर कोंबड्यांचं डालगं मांडीवर घेऊन एक बाई बसली होती, तिने सरकून जागा दिली. तिथून मोटारीची पुढची डावी बाजू दिसत नाही, फक्त ऐकू येते. मी चिखलीपर्यंत ऐकत होतो. काही वाजत नव्हतं.